पांढरे जाणे, दुर्गंधी आणि तपासणीविना घेतलेली औषधे

या सदराकडे योनिमार्गाच्या जंतुसंसर्गाविषयी इतकी पत्रे साठली आहेत, की या वेळची सर्व पाने त्याच विषयाला दिली आहेत. पत्रलेखिकांची नावे आणि ओळख पटेल असे तपशील अर्थातच वगळले आहेत. बहुतेक पत्रांत एक गोष्ट समान दिसते. औषधे पुष्कळ घेऊन झालेली असतात, तपासणी मात्र एकदाही झालेली नसते.

प्रश्न : माझे वय ३४ असून मला दोन मुले आहेत. दुसऱ्या बाळंतपणानंतर तांबी बसवून घेतली. गेल्या वर्षभरापासून अंगावरून पातळ, राखाडी पांढरे पाणी जाते आणि त्याला माशांसारखा वास येतो. शरीरसंबंधानंतर आणि पाळी संपत आली की वास फार वाढतो. खाज नाही, दुखतही नाही. मेडिकलमधून तीन औषधांचे पाकीट आणून घेतले की काही दिवस बरे वाटते आणि मग पुन्हा तेच सुरू होते. ‘स्वच्छता पाळत नाहीस’ असे घरात ऐकावे लागते. हा नेमका कोणता आजार आहे? (सांगली)

उत्तर : आपण केलेले वर्णन बॅक्टेरियल व्हजायनोसिस या विकाराशी जुळते. मूल होण्याच्या वयातील स्त्रियांमध्ये योनिस्रावाच्या तक्रारीमागे सर्वांत जास्त वेळा हेच कारण सापडते. अंघोळ न करणे किंवा कपडे अस्वच्छ असणे यांमुळे हा विकार होत नाही, हे वाक्य आपण घरच्या मंडळींना खुशाल वाचून दाखवावे.

निरोगी योनिमार्ग निर्जंतुक नसतो. तेथे लॅक्टोबॅसिलस या गटातील जंतूंचे कायम वास्तव्य असते. जर्मन स्त्रीरोगतज्ज्ञ आल्बर्ट ड्योडरलाइन यांनी १८९२ साली त्यांचे वर्णन केले होते. इस्ट्रोजेन या संप्रेरकाच्या प्रभावामुळे योनिमार्गाच्या अस्तरात ग्लायकोजेन (साखरेचा साठा) जमते, हे जंतू त्यापासून अखेरीस लॅक्टिक आम्ल तयार करतात आणि तेथील पीएच, म्हणजे आम्लतेचे माप, साधारणपणे ३.८ ते ४.५ इतका राहतो; हा आकडा जितका कमी तितकी आम्लता जास्त. एवढ्या आम्लतेत बाहेरच्या जंतूंना सहसा जम बसवता येत नाही. बॅक्टेरियल व्हजायनोसिसमध्ये ही घडी विस्कटते. लॅक्टोबॅसिलस कमी होतात आणि त्यांच्या जागी गार्डनरेला, प्रिव्होटेला, मोबिलंकस असे, बहुतांशी प्राणवायूविना वाढणारे जंतू शेकडो पटींनी वाढतात. या जंतूंपासून अमाइन नावाची संयुगे तयार होतात आणि माशांसारखा वास त्यांचाच असतो. रक्त आणि वीर्य हे दोन्ही अल्कधर्मी असल्याने त्यांचा संपर्क आला की ही संयुगे हवेत अधिक उडतात. पाळीच्या सुमारास आणि संबंधानंतर वास वाढण्याचे कारण हेच आहे. अस्तराला सूज आलेली नसल्यामुळे खाज, लाली किंवा वेदना सहसा नसतात. ह्यूस्टन येथील हर्मन गार्डनर आणि चार्ल्स ड्यूक्स यांनी १९५५ साली या विकाराचे कारण म्हणून एकाच जंतूकडे बोट दाखवले होते. आज मात्र हा अनेक जंतूंनी मिळून घडवलेला बिघाड मानला जातो.

आता निदानाकडे येऊ, कारण आपल्या वर्षभराच्या त्रासाचे मूळ तेथेच आहे. १९८३ साली रिचर्ड ॲम्सेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चार निकष सांगितले, ते आजही जगभर वापरले जातात. स्राव पातळ, एकसारखा, राखाडी पांढरा असणे. त्याचा पीएच ४.५ पेक्षा अधिक असणे. स्रावाच्या थेंबावर दहा टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइड टाकताच माशांसारखा वास येणे. आणि सूक्ष्मदर्शकाखाली, जंतू चिकटून कडा पुसट झालेल्या अस्तराच्या पेशी, ज्यांना ‘क्लू सेल’ म्हणतात, दर शंभरात किमान वीस दिसणे. या चारांपैकी तीन गोष्टी आढळल्या की निदान पक्के होते. त्यासाठी लागते ती एक कागदाची पट्टी, एक थेंब रसायन, एक काचपट्टी आणि डॉक्टरांची काही मिनिटे. एवढे न करता लिहून दिलेली चिठ्ठी अंदाजावर चालते आणि तो अंदाज चुकण्याचे प्रमाण लहान नाही; कारण पांढरे जाण्याची आणखी दोन कारणे नेहमी आढळतात आणि त्यांची औषधे वेगळी आहेत. कँडिडा या बुरशीमुळे दह्याच्या कवड्यांसारखा घट्ट स्राव जातो, विलक्षण खाज सुटते, आग होते, पण वास येत नाही आणि पीएच नेहमीसारखाच राहतो. ट्रायकोमोनास हा जंतुसंसर्ग नसून एका एकपेशीय परजीवीचा संसर्ग आहे. तो शरीरसंबंधातून पसरतो आणि त्यात पिवळसर हिरवा, कधी फेसाळ स्राव जातो.

मेडिकलमधून मिळणाऱ्या तीन औषधांच्या पाकिटात बहुधा फ्लुकोनाझोल, ॲझिथ्रोमायसिन आणि सेक्निडाझोल असते. पहिले औषध बुरशीवरचे आहे आणि आपल्याला बुरशी असल्याचे काही लक्षण दिसत नाही. दुसरे प्रतिजैविक असले तरी या विकारावरचे मान्य औषध नाही. उरते ते सेक्निडाझोल. ते उपयोगी आहे आणि काही दिवस जे बरे वाटते ते त्याच्यामुळेच. तीनपैकी दोन औषधे शरीरात विनाकारण जातात आणि मूळ निदान तर होतच नाही. ही सर्व औषधे कायद्याने डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच मिळायला हवीत, हे वाचकांना मी सांगण्यापेक्षा दुकानदारांना कोणी सांगितले तर बरे.

निदान पक्के झाल्यावर मेट्रोनिडाझोलची गोळी दिवसातून दोन वेळा सात दिवस देतात. भारतात ती बहुधा ४०० मिलिग्रॅमची असते. गोळी नको असल्यास मेट्रोनिडाझोलचे ०.७५ टक्क्यांचे जेल पाच रात्री किंवा क्लिंडामायसिनचे २ टक्क्यांचे क्रीम सात रात्री योनिमार्गात वापरतात. परिणाम साधारण सारखाच मिळतो. गोळीने तोंडाला धातूसारखी चव येते आणि मळमळते. तरीही तिसऱ्या दिवशी वास गेला म्हणून गोळ्या सोडून देऊ नयेत. क्लिंडामायसिनच्या क्रीममुळे निरोध कमकुवत होतो, त्यामुळे त्या काळात आणि नंतरचे काही दिवस त्यावर विसंबू नये. रक्त पातळ करणारी वॉरफरिनची गोळी चालू असेल तर ते डॉक्टरांना आधी सांगावे, कारण मेट्रोनिडाझोलमुळे तिचा परिणाम वाढतो.

पूर्ण उपचार घेऊनही हा त्रास उलटतो, हे मात्र मान्य केले पाहिजे. निम्म्याहून अधिक स्त्रियांमध्ये तो वर्षभरात परत आल्याचे अभ्यासांत दिसले आहे. याचे एक कारण असे की हे जंतू सुटे राहत नाहीत. पाण्याच्या टाकीला आतून बुळबुळीत थर धरावा तसा त्यांचा थर अस्तरावर बसतो. औषधाने वरचे जंतू मरतात आणि थराच्या आत राहिलेले पुन्हा वाढतात. त्रास वारंवार होत असेल तर सुरुवातीच्या उपचारानंतर मेट्रोनिडाझोलचे जेल आठवड्यातून दोनदा याप्रमाणे काही महिने देण्याची पद्धत आहे. काही ठिकाणी बोरिक आम्लाच्या कॅप्सूल योनिमार्गात ठेवायला देतात. त्या पोटात गेल्यास विषारी ठरतात आणि गरोदरपणात चालत नाहीत, म्हणून तो प्रयोग स्वतःहून कधीही करू नये.

तांबीविषयी थोडे लिहितो. तांबी असलेल्या स्त्रियांमध्ये हा विकार काहीसा अधिक आढळतो. तरीही तेवढ्यावरून ती लगेच काढावी असे मी म्हणणार नाही. आधी निदान करून एकदा पूर्ण उपचार घ्यावा. त्यानंतरही त्रास उलटत राहिला तर संततिनियमनाचे दुसरे साधन हाताशी ठेवूनच तांबी काढण्याचा विचार करावा.

प्रश्न : मला हाच विकार असल्याचे तपासणीत निघाले आहे. हा गुप्तरोग आहे का? नवऱ्याला काहीच त्रास नाही. त्यांनीही औषध घ्यावे का? हे विचारल्यावर त्यांनी माझ्यावरच संशय घेतला. (नाशिक)

उत्तर : गोनोरिया किंवा सिफिलिस ज्या अर्थाने लैंगिक आजार आहेत, त्या अर्थाने बॅक्टेरियल व्हजायनोसिसला लैंगिक आजार म्हणत नाहीत. एकाच जोडीदाराशी संबंध असलेल्या स्त्रियांनाही तो होतो. या निदानावरून कोणाच्याही वर्तणुकीविषयी काहीही सिद्ध होत नाही.

जोडीदाराच्या औषधाबाबत मात्र वैद्यकशास्त्राचे मत अगदी अलीकडे बदलू लागले आहे. पुरुषाला केवळ गोळ्या देऊन पूर्वी जे प्रयोग झाले त्यांतून ठोस फायदा दिसला नव्हता, म्हणून आमच्या पिढीतील डॉक्टरांना ‘नवऱ्याला औषध नको’ असेच शिकवले गेले. २०२५ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये ऑस्ट्रेलियातील १६४ जोडप्यांवरील प्रयोग प्रसिद्ध झाला. त्यात एका गटातील पुरुषांना मेट्रोनिडाझोलच्या गोळ्या आणि त्याच्या जोडीला शिश्नाच्या त्वचेवर लावायला क्लिंडामायसिनचे क्रीम, असे दोन्ही सात दिवस दिले होते. बारा आठवड्यांत त्या गटातील ३५ टक्के स्त्रियांना पुन्हा त्रास झाला. फक्त स्त्रीवर उपचार झालेल्या गटात हे प्रमाण ६३ टक्के होते. फरक इतका स्पष्ट होता की प्रयोग मुदतीआधीच थांबवण्यात आला. हे जंतू पुरुषाच्या त्वचेवर आणि मूत्रमार्गात कोणतेही लक्षण न दाखवता राहू शकतात, आणि म्हणून गोळीबरोबर क्रीमही लागले असावे.

आपला त्रास पहिल्यांदाच झाला असेल तर आपले औषध पुरेसे आहे. तो वारंवार होत असेल तर दोघांनी एकाच आठवड्यात उपचार घ्यावा का, हे डॉक्टरांना जरूर विचारावे, आणि शक्य झाल्यास यजमानांना बरोबर घेऊन जावे. औषध पूर्ण होईपर्यंत संबंध टाळावा किंवा निरोध वापरावा. तपासणीत ट्रायकोमोनास निघाला असता तर उत्तर वेगळे असते. त्या संसर्गात जोडीदाराला औषध दिलेच पाहिजे.

या विकारामुळे योनिमार्गाचे संरक्षण कमी होते आणि एचआयव्हीसह इतर लैंगिक संसर्ग लागण्याचा धोका वाढतो, ही गोष्टही यजमानांना सांगावी. उपचारासाठी सहकार्य करण्यात दोघांचेही हित आहे.

प्रश्न : वासामुळे मी रोज जाहिरातीतला ‘इंटिमेट वॉश’ वापरते आणि आठवड्यातून एकदा जंतुनाशकाच्या पाण्याने आतून धुते. सासूबाई तुरटीचे पाणी वापरायला सांगतात, आणि दह्याचा उपाय मैत्रिणीने सुचवला आहे. यांपैकी योग्य काय? (ठाणे)

उत्तर : आतून धुणे आजच बंद करावे. योनिमार्गात पाण्याचा फवारा किंवा जंतुनाशक घेणाऱ्या स्त्रियांमध्ये बॅक्टेरियल व्हजायनोसिस अधिक आढळते. धुण्याने लॅक्टोबॅसिलस निघून जातात, वास वाढतो आणि वास वाढला म्हणून धुणेही वाढते. तुरटीने अस्तर आक्रसते आणि कोरडे पडते, पुढे त्याला बारीक इजाही होऊ शकते. ज्या हेतूने तुरटी सुचवली जाते तो येथे उघडपणे लिहिण्याची गरज नाही, पण तो हेतूही तिने साध्य होत नाही.

बाहेरचा भाग साध्या पाण्याने धुतला की पुरे. साबण बहुधा अल्कधर्मी असतो, म्हणून तो लावायचाच असेल तर सौम्य असावा, थोडाच घ्यावा आणि केवळ बाहेर लावावा. ‘पीएच संतुलित’ असे लिहिलेले महाग द्रव बाहेरून वापरल्यास बहुतेकींना अपाय होत नाही, परंतु आतला पीएच लॅक्टोबॅसिलस राखतात, बाटली राखत नाही.

दह्याविषयी आपल्याकडे फार विश्वास आहे. दही खावे, ते अन्न म्हणून उत्तमच आहे. ते योनिमार्गात मात्र ठेवू नये. दह्यातील जंतू आणि योनिमार्गातील लॅक्टोबॅसिलस क्रिस्पॅटससारखे जंतू वेगवेगळ्या जातींचे आहेत, आणि दह्यातले जंतू तेथे मुक्काम करत नाहीत. नेमका लॅक्टोबॅसिलस क्रिस्पॅटसच औषध म्हणून देण्याचा प्रयोग अमेरिकेत २२८ स्त्रियांवर झाला आणि २०२० साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. मेट्रोनिडाझोलच्या उपचारानंतर ज्यांना हा जंतू दिला त्यांपैकी ३० टक्के स्त्रियांना बारा आठवड्यांत त्रास उलटला, ज्यांना दिला नाही त्यांच्यात ४५ टक्के. दिशा आशादायक आहे, पण दुकानात मिळणाऱ्या प्रोबायोटिक कॅप्सूल म्हणजे हे औषध नव्हे.

प्रश्न : मला पाचवा महिना चालू आहे. पांढरे जाणे वाढले आहे आणि थोडा वासही येतो. यामुळे बाळ लवकर जन्मते असे वाचले. औषध घेण्याची भीती वाटते. (कोल्हापूर)

उत्तर : गरोदरपणात पांढरा स्राव वाढतोच, त्याला वास, खाज किंवा आग नसेल तर तो नैसर्गिक समजावा. आपल्याला वास येत असल्याने तपासणी करून घ्यावी. बॅक्टेरियल व्हजायनोसिस असलेल्या गरोदर स्त्रियांमध्ये अकाली प्रसूतीचे प्रमाण अधिक आढळते, हे खरे आहे. मात्र कोणतीही लक्षणे नसलेल्या आणि एरवी धोका कमी असलेल्या सर्वच गरोदर स्त्रियांना शोधून औषध दिल्याने अकाली प्रसूती टळते असे दिसलेले नाही. फ्रान्समध्ये ८४ हजारांहून अधिक गरोदर स्त्रियांची तपासणी करून केलेल्या आणि २०१८ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या प्रयोगातूनही हेच दिसले. लक्षणे असतील तर मात्र उपचार करतात. मेट्रोनिडाझोलचा गरोदरपणातील अनुभव दीर्घ आहे आणि त्याने बाळात व्यंग निर्माण होते असे आढळलेले नाही. पोटातून घ्यायचे फ्लुकोनाझोल गरोदरपणात टाळतात, म्हणून मेडिकलचे ते तीन औषधांचे पाकीट आपण घेऊच नये.

एक गोष्ट नीट लक्षात ठेवावी. कपडे भिजतील असे पाण्यासारखे पातळ, न थांबणारे जाणे हा स्राव नसून बाळाभोवतालचे पाणी असू शकते. तसे वाटल्यास, किंवा ताप आला, पोट दुखून आले, रक्त दिसले, तर दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता रुग्णालय गाठावे.

प्रश्न : माझी मावशी ऊसतोडीला जाते. वय ३२, तीन मुले. अनेक वर्षांपासून अंगावरून पांढरे जाते, कंबर दुखते. एका खाजगी दवाखान्यात सोनोग्राफी करून ‘पिशवीला सूज आहे, तोंडावर जखम आहे, पुढे कॅन्सर होईल, पिशवी काढून टाका’ असे सांगितले. मुकादम पैसे उचल म्हणून द्यायला तयार आहे. काय करावे? (बीड जिल्हा)

उत्तर : शस्त्रक्रियेची तारीख घेतली असेल तर ती पुढे ढकलावी, आणि मुकादमाकडून उचल घेऊ नये. पांढरे जाणे आणि कंबरदुखी, एवढ्या दोन तक्रारींसाठी ३२ व्या वर्षी गर्भपिशवी काढणे समर्थनीय नाही. कारण अगदी साधे आहे. हा संसर्ग योनिमार्गात असतो आणि गर्भपिशवी काढल्यावरही योनिमार्ग शरीरातच राहतो. शस्त्रक्रियेनंतरही पांढरे जात राहिलेल्या स्त्रिया मी पाहिल्या आहेत. त्यांचे दुखणे तेच राहिले आणि कर्जाची त्यात भर पडली.

आपल्या पत्रातील तिन्ही वाक्ये वेगवेगळी तपासू. सोनोग्राफीत ‘बल्की’ म्हणजे गर्भपिशवी किंचित मोठी दिसणे हे बाळंतपणे झालेल्या स्त्रीत सामान्य आहे, त्याला सूज म्हणता येत नाही. ‘तोंडावरची जखम’ बहुतेक वेळा जखम नसते. गर्भाशयमुखाच्या आतील नाजूक, लालसर अस्तर बाहेरच्या बाजूला दिसते आणि तरुण वयात ते नैसर्गिक मानले जाते. राहिला कॅन्सर. गर्भाशयमुखाचा कॅन्सर एचपीव्ही या विषाणूच्या दीर्घकाळ टिकलेल्या संसर्गामुळे होतो, आणि त्याची शंका पॅप स्मिअर (गर्भाशयमुखावरील पेशींची तपासणी), एचपीव्ही चाचणी किंवा अॅसिटिक आम्ल लावून केलेली पाहणी यांनी तपासता येते. सरकारी कार्यक्रमात ३० ते ६५ या वयातील स्त्रियांसाठी ही पाहणी ठेवलेली आहे. ती न करता नुसती भीती घालून शस्त्रक्रिया सुचवणे याला वैद्यकीय सल्ला म्हणता येणार नाही.

बीड जिल्ह्यात हा प्रश्न नवा नाही. २०१९ साली डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीपुढे आलेल्या सर्वेक्षणात जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड कामगार स्त्रियांपैकी १३,८६१ जणींच्या गर्भपिशव्या काढल्याचे आढळले. म्हणजे साधारण सहा जणींमागे एक. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयोगटातील स्त्रियांमध्ये हेच प्रमाण देशभरात ३ टक्क्यांच्या आसपास आहे. या आकड्यांमागे केवळ दवाखान्यांचा लोभ नाही. फडावर संडास नाही, पाण्याची सोय नाही, पाळीच्या दिवसांतही मोळ्या वाहाव्या लागतात आणि एक दिवस घरी राहिले तर खाडा धरून पैसे कापले जातात. अशा वेळी पिशवी नसली तर पाळीच नाही, हा विचार त्या बाईच्या मनात येतो, आणि तिला दोष देणे सोपे असले तरी न्याय्य नाही. परंतु किंमत फार मोठी आहे. शस्त्रक्रियेत अंडाशयही काढले असतील तर त्याच दिवसापासून पाळी गेल्याचे सर्व परिणाम सुरू होतात, हाडे ठिसूळ होतात, हृदयविकाराचा धोका वाढतो. अंडाशय ठेवले तरी हे परिणाम काही वर्षे आधी येऊ शकतात.

तपासणीचा हा अभाव जुना आहे. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातील दोन गावांत ६५० स्त्रियांची तपासणी केली आणि १९८९ साली ‘लॅन्सेट’मध्ये तिचे निष्कर्ष मांडले. ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोगांपैकी एक किंवा अधिक विकार होते, त्यांतले जवळजवळ निम्मे विकार संसर्गाचे होते, आणि पूर्वी कधीतरी अशी तपासणी झालेल्या स्त्रिया केवळ ८ टक्के होत्या.

मावशीला जिल्हा रुग्णालयात किंवा जवळच्या उपजिल्हा रुग्णालयात घेऊन जावे. तेथे ‘सुरक्षा क्लिनिक’ या नावाने प्रजननमार्गाच्या संसर्गासाठी विभाग असतो. तपासणी, समुपदेशन आणि औषधे तेथे मोफत मिळतात. राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेने लक्षणांनुसार रंगीत पाकिटे ठरवून दिली आहेत. योनिस्रावासाठीच्या हिरव्या पाकिटात सेक्निडाझोल आणि फ्लुकोनाझोल असते. प्रयोगशाळा नाही तेथेही उपचार अडू नये म्हणून ही सोय आहे, आणि तपासणी करून दिलेले हे पाकीट व दुकानातून आणलेले पाकीट यांत मोठा फरक आहे. ओटीपोटात दुखणे, ताप, संबंधाच्या वेळी खोलवर वेदना अशी लक्षणे मावशीला असतील तर ती आवर्जून सांगावीत. संसर्ग गर्भपिशवी आणि नलिकांपर्यंत चढला असण्याची ती खूण आहे. त्यासाठी पिवळे पाकीट असते आणि औषधे साधारण चौदा दिवस घ्यावी लागतात. तो आजारही औषधांनी बरा होतो.

गर्भपिशवी काढण्याची खरी कारणे असतात, हेही येथे नमूद केले पाहिजे. कॅन्सर, अंग बाहेर येणे, मोठ्या गाठींमुळे औषधांनी न थांबणारा रक्तस्राव ही त्यांपैकी काही. त्यातले काही निघाले तरी दुसऱ्या सरकारी स्त्रीरोगतज्ज्ञांचे मत लेखी घ्यावे.

प्रश्न : माझी मुलगी १६ वर्षांची आहे. तिचे कपडे कधी कधी पांढऱ्या स्रावाने ओले होतात. अंगातली ताकद जाते असे शेजारणी म्हणतात. (जळगाव)

उत्तर : पांढऱ्या स्रावातून ताकद जात नाही. पाळी सुरू होण्याच्या सुमारास आणि त्यानंतर असा स्राव येणे नैसर्गिक आहे. दोन पाळ्यांच्या मध्यावर तो अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखा चिकट आणि अधिक असतो. थकवा असेल तर तिचे हिमोग्लोबिन तपासावे, कारण ताकद बहुधा तेथे कमी पडलेली असते. वास, खाज, हिरवट रंग किंवा रक्त असेल तरच डॉक्टरांना दाखवावे. लहान वयात स्रावाचा नमुना बारीक कापसाच्या काडीने घेता येतो, साधन आत घालून तपासण्याची सहसा गरज पडत नाही. तपासणीपूर्वी डॉक्टरांनी मुलीशी एकांतात बोलण्याची इच्छा दाखवली तर आपण त्याला हरकत घेऊ नये.

प्रश्न : वय ५८. पाळी जाऊन आठ वर्षे झाली. योनिमार्गात आग, कोरडेपणा आणि वारंवार लघवीचा संसर्ग. दर वेळी नवे प्रतिजैविक मिळते. मधुमेहही आहे. (पणजी)

उत्तर : पाळी गेल्यावर इस्ट्रोजेन कमी होते, अस्तर पातळ पडते, ग्लायकोजेन आणि लॅक्टोबॅसिलस कमी होतात आणि पीएच ५ च्या वर जातो. स्त्रीचा मूत्रमार्ग मुळातच आखूड असल्याने आतड्यातील ई. कोलाय हे जंतू योनिमुखाशी जमून तेथून मूत्राशयात सहज चढतात. जंतू मारणारी औषधे कितीही बदलली तरी ही वाट बंद होत नाही. एस्ट्रिऑल या सौम्य इस्ट्रोजेनचे क्रीम योनिमार्गात साधारण दोन आठवडे रोज रात्री आणि नंतर आठवड्यातून दोनदा वापरल्यास अस्तर सुधारते, लॅक्टोबॅसिलस परततात आणि लघवीचे संसर्ग कमी होतात. त्याचा पूर्ण गुण यायला काही महिने लागतात. स्तनाचा कॅन्सर होऊन गेला असेल तर ते वापरण्यापूर्वी त्या डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. पाळी गेल्यानंतर रक्ताचा एखादा डाग जरी दिसला तरी तो कोरडेपणामुळे आहे असे गृहीत न धरता तपासणी करून घ्यावी.

पुढच्या वेळी लघवीला आग झाली तर प्रतिजैविक सुरू करण्याआधी लघवीचे कल्चर (त्यातील जंतू वाढवून ओळखण्याची तपासणी) करून घ्यावे, आणि कोणतेही लक्षण नसताना केवळ अहवालात जंतू दिसले म्हणून औषध घेऊ नये.

मधुमेहाच्या गोळ्यांची नावेही एकदा पाहावीत. डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन यांपैकी एखादी चालू असेल तर लघवीवाटे साखर बाहेर पडते आणि बाहेरच्या भागात बुरशीचा संसर्ग होण्याची शक्यता वाढते. आपल्या आगीमागे तेही एक कारण असू शकते. या गोळ्या हृदयासाठी आणि मूत्रपिंडासाठी उपयुक्त असल्यामुळे त्या स्वतःहून बंद न करता, मधुमेहाच्या डॉक्टरांना आणि स्त्रीरोगतज्ज्ञांना एकमेकांच्या चिठ्ठ्या दाखवाव्यात.